चित्रपटाची भाषा आणि प्रेक्षकाचे स्थान

नागपूरच्या वायव्येस, भोपाळ आणि छिंदवाडा या दोन दिशांचे रस्ते जेथे फुटतात, तेथे कोलार नदीच्या काठी सावनेर हे तालुक्याचे गाव वसले आहे. संत्री, कापूस आणि दगडी कोळसा यांसाठी हा परिसर ओळखला जातो. परंतु मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे गाव आणखी एका कारणाने ठाऊक आहे. नाटककार राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी निधन झाले. ‘भावबंधन’ हे नाटक त्यांनी आयुष्याच्या अगदी अखेरीस पूर्ण केले होते, तर ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी रंगभूमीवर आले. मराठी नाटकात शब्दाचे सामर्थ्य किती असू शकते, हे गडकऱ्यांनी दाखवून दिले.

गडकऱ्यांची नाटके ज्या दशकात रंगभूमीवर आली, त्याच दशकात शब्दाची मदत जवळजवळ न घेता कथा सांगणारी एक नवी कला महाराष्ट्रात जन्मास आली, ही गोष्ट लक्षणीय आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात प्रदर्शित झाला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. आज चित्रपट सिनेमागृहातून घरात आणि घरातून प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीपर्यंत येऊन पोहोचला आहे. पुस्तक कसे वाचावे हे शाळेत शिकवले जाते. चित्रपट कसा पाहावा हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही. चित्रपटाची कथा सर्वांना समजते, म्हणून त्याची भाषाही समजते, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो कितपत बरोबर आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रंगमंचावरील प्याला आणि पडद्यावरील प्याला

‘एकच प्याला’ या नाटकातील सुधाकर हा बुद्धिमान वकील. न्यायालयात झालेला अपमान त्याच्या जिव्हारी लागतो आणि तळीरामाच्या आग्रहाने तो मद्याचा पहिला प्याला ओठांना लावतो. पुढे त्याचा, त्याची पत्नी सिंधू हिचा आणि सबंध संसाराचा नाश होतो. रंगभूमीवर हा प्रसंग पाहणाऱ्या प्रेक्षकाचे स्थान ठरलेले असते. पहिल्या रांगेतील मनुष्य आणि शेवटच्या रांगेतील मनुष्य आपापल्या खुर्चीवरून सबंध रंगमंच पाहत असतात. नटाच्या हातातील पेला शेवटच्या रांगेतून जेमतेम दिसतो. म्हणूनच नाटककाराला त्या पेल्याचे भयंकर महत्त्व शब्दांतून उभे करावे लागते, आणि नटाला ते आवाजातून व हावभावांतून पोहोचवावे लागते.

आता हाच प्रसंग एखादा चित्रपट दिग्दर्शक घेत आहे अशी कल्पना करावी. तो सबंध पडदा त्या एका पेल्याने भरून टाकू शकतो. तो कॅमेरा सुधाकराच्या पाठीमागे ठेवू शकतो. मग प्रेक्षकाला सुधाकराचा चेहरा न दिसता त्याच्यासमोर बसलेला तळीराम दिसेल आणि तळीरामाचा आग्रह प्रेक्षकालाच केल्यासारखा वाटेल. तो कॅमेरा दाराबाहेर, सिंधू जेथे उभी राहील तेथेही ठेवू शकतो. मग आतील हसण्याचा आवाज ऐकू येईल, पण प्याला दिसणार नाही. तिन्ही प्रकारांत घटना तीच आणि संवादही तेच राहतील. तथापि पहिल्या प्रकारात मोहाची भीती वाटेल, दुसऱ्यात प्रेक्षक स्वतः मोहात पडेल आणि तिसऱ्यात घरच्या स्त्रीची असहायता मनास भिडेल.

नाटक आणि चित्रपट यांतील मूलभूत फरक येथे स्पष्ट होतो. नाटकाच्या प्रेक्षकाची जागा तिकिटावर छापलेली असते. चित्रपटाच्या प्रेक्षकाची जागा दिग्दर्शक क्षणोक्षणी ठरवीत असतो. कॅमेऱ्याचे अंतर, प्रकाशयोजना, ध्वनी आणि संकलन ही सर्व तंत्रे म्हणजे प्रेक्षकाला कोठे आणि कोणाच्या बाजूला उभे करायचे, याविषयीचे निर्णय होत. चित्रपटाचा अर्थ पुष्कळदा कथेत नसून या निर्णयांत असतो.

काळाची आटणी

चित्रपटाचे पहिले सामर्थ्य म्हणजे काळावरील सत्ता. ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण करण्यापूर्वी फाळके यांनी एक छोटा प्रयोग केला होता. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याच्या वाढीचे चित्रण त्यांनी ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून केले. सुमारे महिनाभराची वाढ पडद्यावर एक-दोन मिनिटांत दिसू लागली. कोंब मातीतून वर येताना, वेल वळताना आणि पसरताना प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिली. या प्रयोगाने प्रभावित होऊनच त्यांना पुढील कार्यासाठी भांडवल मिळू शकले.

शेतकऱ्याला पिकाची वाढ रोज दिसत असते, तरीही ती ‘घडताना’ दिसत नाही. चित्रपटाने ती घडताना दाखवली. येथे एकही गोष्ट खोटी नाही. तरी जे दिसते ते निसर्गात कोणाच्याही डोळ्यास कधी दिसलेले नाही. बोलपटात दर सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून सरकतात. त्या अधिक वेगाने टिपल्या तर हालचाल मंद दिसते आणि कमी वेगाने टिपल्या तर ती शीघ्र होते. धावणाऱ्या मनुष्याचे मंदगती चित्रण त्याला भव्यता देते, तर शीघ्रगती चित्रण त्यालाच हास्यास्पद करते. मनुष्य तोच, धावणेही तेच. त्याच्याविषयीचे मत मात्र तंत्राने बदलले.

दोन दृश्यांच्या मधील जागा

रशियातील दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या सुमारास केलेला प्रयोग चित्रपटाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितला जातो. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच चित्रण त्यांनी निरनिराळ्या दृश्यांना जोडले. एकदा त्यानंतर अन्नाची थाळी दाखवली, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. प्रेक्षकांना पहिल्या वेळी त्या चेहऱ्यावर भूक दिसली, दुसऱ्या वेळी शोक आणि तिसऱ्या वेळी अभिलाषा. चेहरा तोच होता. भाव चेहऱ्यावर नव्हता. तो दोन दृश्यांच्या जोडणीतून प्रेक्षकाच्या मनात निर्माण झाला होता.

या जोडणीचे, म्हणजेच संकलनाचे, उदात्त उदाहरण आपल्याच मराठी चित्रपटात आहे. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा १९३६ सालचा चित्रपट विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांनी साकारलेला शांत, आत्ममग्न तुकोबा आणि गौरी यांनी साकारलेली, संसाराच्या ओझ्याने चिडलेली, पण अंतःकरणाने निर्मळ जिजाई अशी दोन जगे या चित्रपटात सतत शेजारी ठेवली आहेत. भजनाचा रंग भरत असतानाच घरातील रिकामी मडकी आणि भुकेली मुले आठवण करून देतात. आजारी मुलासाठी जिजाई देवळात शिरून प्रत्यक्ष विठोबाला जाब विचारते, तेव्हा कॅमेरा तिला हास्यास्पद करीत नाही. चमत्कारांची दृश्ये जितक्या साधेपणाने येतात, तितक्याच साधेपणाने चूल आणि म्हैसही येते. परिणामी भक्ती आणि प्रपंच यांपैकी एकाला उंच आणि दुसऱ्याला नीच न ठरवता दोहोंना आदर मिळतो. हे तत्त्व कोणा पात्राच्या तोंडून भाषण करून सांगितलेले नाही. दृश्यांच्या क्रमातून ते आपोआप पटते.

जवळून पाहणे

प्रभात कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आल्यानंतर तेथे तयार झालेला पहिला चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा ‘अमृतमंथन’, १९३४. पशुबळी आणि नरबळी यांची प्रथा बंद करणाऱ्या राजाविरुद्ध कट करणारा राजगुरू हे त्यातील प्रमुख पात्र. या राजगुरूचा डोळा दूरवेधी भिंगाच्या साहाय्याने सबंध पडदा व्यापून टाकताना दाखवला आहे. रंगभूमीवर अशा पात्राची क्रूरता उंच आवाजाने आणि दीर्घ भाषणाने दाखवावी लागली असती. येथे एका डोळ्याने ते काम केले. धर्माच्या नावाने चालणारी दहशत ही प्रथम डोळ्याची दहशत असते, हे प्रेक्षकाने त्या समीपदृश्यातून ओळखले.

समीपदृश्यामुळे अभिनयाची रीतही बदलली. त्या काळचे अनेक नट रंगभूमीवरून आले होते. नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी कमावलेला आवाज आणि हातवारे कॅमेऱ्यापुढे अवजड वाटू लागले. पापणीची हालचालही जेथे दोन हातांएवढी दिसते, तेथे कमी करणे हेच अधिक करणे ठरले. केशवराव दाते यांच्यासारख्या नटांनी हा बदल आत्मसात केला. ‘अमृतमंथन’च्या मराठी आवृत्तीतील राजगुरू आणि तीन वर्षांनी आलेल्या ‘कुंकू’मधील काकासाहेब या त्यांच्या दोन भूमिका या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

ऐकू येणारे आणि न ऐकू येणारे

‘कुंकू’, १९३७, हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारित आहे. मामाने फसवून एका वृद्ध विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मान्य करण्यास नकार देते, ही त्याची कथा. त्या काळी बालविवाह प्रतिबंधक कायदा होऊन काही वर्षे लोटली होती. परंतु त्या कायद्याने वयाची किमान मर्यादा घातली होती. पती-पत्नींच्या वयातील अंतराला त्याने हात लावला नव्हता. म्हणजे प्रश्न कायद्याचा नसून समाजाच्या सवयीचा होता.

सवयीवर प्रहार कसा करावा? शांताराम यांनी एक धाडसी निर्णय घेतला. या चित्रपटात पार्श्वसंगीत मुळीच ठेवले नाही. जे आवाज त्या घरात, त्या रस्त्यावर स्वाभाविकपणे ऐकू येतील, तेवढेच ठेवले. शांता आपटे यांनी साकारलेली नीरा गाते, तीही कथेतील प्रसंगाच्या ओघात. एका प्रसंगी तर ग्रामोफोनच्या साथीने इंग्रजी कविता गाते. काकासाहेबांच्या जुन्या घड्याळाची टिकटिक मात्र सतत जाणवत राहते.

पार्श्वसंगीत हे प्रेक्षकाला कोणत्या क्षणी काय वाटावे, हे सुचवीत असते. करुण सुरांनी डोळे भरून येतात आणि मन हलके होते. अश्रू ढाळून प्रेक्षक घरी जातो व आपण सहानुभूती दाखवली, असे समाधान मानतो. ‘कुंकू’ने हे समाधान हिरावून घेतले. नीरेच्या दुःखावर सुरांचे पांघरूण घातले नाही. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यासरशी वृद्धाचे आयुष्य सरत आहे आणि तरुण स्त्रीचे आयुष्य वाया जात आहे, ही एकच गोष्ट दोन बाजूंनी ऐकू येते. अखेरीस काकासाहेबांना आपला अन्याय कळतो आणि पत्र लिहून नीरेला मोकळे करून ते मृत्यूला कवटाळतात, तेव्हा प्रेक्षक त्यांचाही द्वेष करू शकत नाही.

याच तंत्राचे दुसरे टोक ऐंशी वर्षांनी पाहावयास मिळाले. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला. अजय-अतुल यांच्या संगीताने महाराष्ट्रातील गावोगाव दुमदुमले. पूर्वार्धात मंदगती चित्रण, वाद्यवृंदाचा गजर आणि उसाची हिरवळ यांनी प्रेक्षकाला प्रेमकथेच्या परिचित आनंदात नेले जाते. उत्तरार्धात आर्ची आणि परश्या परमुलखात संसार मांडतात. तेथे गाणी थांबतात, भाड्याची खोली, मोलमजुरी आणि भांडणे येतात. शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात आणि दोघांची हत्या होते. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले त्यांचे लहान मूल परत येते, आत जाते आणि रडत बाहेर पडते. त्याच्या पावलांचे लाल ठसे जमिनीवर उमटतात. या वेळी पडद्यावर कोणताही आवाज नाही. मुलाचे रडणेसुद्धा ऐकू येत नाही.

‘कुंकू’त संगीत प्रथमपासूनच नव्हते, ‘सैराट’मध्ये ते भरभरून देऊन मग काढून घेतले. म्हणून ‘सैराट’मधील निःशब्दता अधिक जड वाटते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. कोणत्याही तंत्राचा अर्थ कोशातील शब्दाप्रमाणे ठरलेला नसतो. शांततेचा अर्थ तिच्या आधी काय ऐकले होते, यावर अवलंबून असतो.

स्थिर कॅमेरा आणि नागपूरचा शाहीर

कॅमेरा हलवणे हे जसे तंत्र, तसे तो न हलवणे हेही तंत्रच होय. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा २०१४ सालचा चित्रपट त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्याला व्हेनिस महोत्सवात पारितोषिके मिळाली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. त्यात नारायण कांबळे या लोकशाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते व संपादक वीरा साथीदार यांनी केली होती. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे नागपुरात निधन झाले. गटारसफाई करणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूनंतर, शाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून कांबळे यांच्यावर खटला चालतो, अशी या चित्रपटाची कथा आहे.

हिंदी चित्रपटांतील न्यायालय प्रेक्षकांच्या चांगले परिचयाचे आहे. वकील मोठ्याने बोलतो, कॅमेरा त्याच्या चेहऱ्याकडे झेपावतो, साक्षीदार घामाघूम होतो आणि सत्य बाहेर पडते. ‘कोर्ट’मध्ये यांपैकी काहीच घडत नाही. कॅमेरा दूर, एका जागी ठेवलेला आहे. एकेक दृश्य बराच वेळ न तुटता चालते. मुख्य खटल्याची सुनावणी सुरू असताना इतर पक्षकार, कारकून, ये-जा करणारी माणसे चौकटीत तशीच दिसत राहतात. कोणालाही समीपदृश्याचा मान नाही. त्यामुळे न्याय ही गर्जना करून मिळणारी गोष्ट नसून तारखांच्या रांगेत उभी असलेली गोष्ट आहे, हे प्रेक्षकाला अंगावर वागवावे लागते.

मृत कामगाराची पत्नी साक्ष देते तो प्रसंग विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. गटारात उतरण्यापूर्वी नवरा आत दगड टाकत असे. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजे, असे ती सांगते. तिचा आवाज चढत नाही आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांतील पाणी शोधत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या कामास बंदी घालणारा आणि अशा कामगारांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा कायदा देशात २०१३ मध्ये झाला. त्या कायद्याची गरज का होती, हे त्या एका सपाट आवाजातील वाक्याने जितके कळते, तितके अनेक पानांच्या निवेदनानेही कळणार नाही.

न्यायालयाला सुटी लागते. कर्मचारी एकेक दिवे मालवतात आणि रिकामी खोली काळोखात बुडते. चित्रपट येथे संपला, असे वाटते. पण तो पुढे न्यायाधीशांच्या सहलीपर्यंत जातो. खटल्याचे निकालपत्र दाखवण्याऐवजी निकाल देणाऱ्या माणसाचे सुटीतील जीवन दाखवण्याचा हा निर्णय संकलनाचाच आहे. कोणावरही दोषारोप न करता पाहणाऱ्याला विचार करावयास लावणारी ही रीत होय.

चौकटीतील शेजार

एका चौकटीत कोणत्या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात, यालाही भाषेचे बळ असते. मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या २०१३ सालच्या चित्रपटातील दोन दृश्ये शिक्षकांनी अवश्य विचारात घ्यावीत. पहिल्यात जब्याच्या कुटुंबाला गावासाठी डुकरे पकडावी लागत आहेत. डुक्कर हाताशी आलेले असतानाच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्या स्तब्ध उभा राहतो. घरची माणसेही उभी राहतात. दुसऱ्यात पकडलेले डुक्कर काठीला बांधून ते कुटुंब एका भिंतीवरून पुढे जाते. त्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदींची चित्रे रंगवलेली आहेत. संवाद नाही, संगीताचा उमाळा नाही. कॅमेरा नुसता पाहत राहतो. राज्यघटनेने दिलेले वचन आणि गावातील वास्तव यांतील अंतर एका चौकटीच्या रुंदीत मावले आहे.

चित्रपटाच्या शेवटी जब्या भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. तोपर्यंत प्रेक्षक जब्याच्या बाजूने सर्व पाहत होता. शेवटच्या क्षणी दिग्दर्शकाने त्याची जागा बदलून त्याला बघ्यांच्या गर्दीत उभे केले. प्रेक्षकाचे स्थान म्हणजे काय, हे समजावून सांगण्यास यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

नागपुरातच चित्रित झालेला ‘झुंड’, २०२२, हा याच दिग्दर्शकाचा हिंदी चित्रपट. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेल्या फुटबॉलच्या कार्यावर तो आधारित आहे. महाविद्यालय आणि वस्ती यांच्या मधली भिंत त्यात वारंवार दिसते. अखेरीस मुलांना घेऊन विमान वस्तीवरून उडते आणि खाली भिंत ओलांडू नये अशी सूचना दिसते. भिंत पडली, असे चित्रपट म्हणत नाही. काही जण वरून पार झाले आणि भिंत उभीच आहे, असे तो दाखवतो.

शाळा आणि ग्रामपंचायत यांच्यासाठी

हा सर्व विचार केवळ रसिकांपुरता नाही. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट अनेक दशके सिनेमागृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखवले जात. त्या काळी चित्रण करणारे थोडे आणि पाहणारे असंख्य होते. आज परिस्थिती पालटली आहे. ग्रामपंचायतीचा सदस्य, शाळेतील विद्यार्थी, तालुक्याचा अधिकारी असे सारेच चित्रण करतात आणि दुसऱ्यांनी केलेले चित्रण दिवसभर पाहतात. एखाद्या सभेतील अर्धेच वाक्य तोडून दाखवलेली ध्वनिचित्रफीत गावात तेढ निर्माण करू शकते. कुलेशॉव्ह यांनी जे प्रयोग म्हणून केले, ते कोणीही दुष्ट हेतूने करू शकतो. अशा वेळी संकलनाची जाण असणे ही नागरिकाची गरज ठरते.

सावनेर तालुक्यातील एखाद्या शाळेत यासाठी एक साधा पाठ घेता येईल. गावच्या बाजाराचे दोन मिनिटांचे चित्रण विद्यार्थ्यांच्या दोन गटांनी करावे. एका गटाने संत्र्यांचे ढीग, रंग आणि गर्दी दूरच्या दृश्यांतून टिपावी. दुसऱ्या गटाने एकाच विक्रेत्या बाईचे हात, तिची तराजू आणि संध्याकाळी उरलेला माल जवळून टिपावा. नंतर दोन्ही चित्रणे आवाजासह आणि आवाज बंद करून वर्गात दाखवावीत. प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत. कॅमेरा कोठे उभा आहे आणि कोणाच्या बाजूने पाहत आहे? काय ऐकू येते आणि काय ऐकू येऊ दिलेले नाही? या दृश्याच्या आधीचे व नंतरचे काय कापले गेले असावे? बाजार एकच, दोन्ही चित्रणे खरी, आणि तरीही अर्थ वेगळे, हे मुलांना स्वानुभवाने कळेल.

हेच प्रश्न ग्रामपंचायतीने स्वतःच्या माहितीपटालाही लावावेत. समजा, पाणीपुरवठा योजनेचा लघुपट करावयाचा आहे. जलकुंभ खालच्या बाजूने चित्रित केला, त्यावर भारदस्त संगीत घातले आणि फीत कापणाऱ्या हातांचे समीपदृश्य घेतले, तर योजना भव्य दिसेल; परंतु तो चित्रपट योजनेचा न होता समारंभाचा होईल. त्याऐवजी पूर्वी हंडा घेऊन चालावे लागणारी वाट न तोडता, तिच्या पूर्ण लांबीसह दाखवली आणि मग अंगणातील नळाचा आवाज संगीताविना ऐकवला, तर काय बदलले ते गावकऱ्यांना सांगावे लागणार नाही. नळाला पाणी येत नसेल, तर तेही लपणार नाही. ज्याच्यासाठी योजना आहे त्याच्या ठिकाणी कॅमेरा ठेवणे, हा लोकशिक्षणाच्या चित्रपटाचा पहिला नियम म्हणता येईल.

तंत्र स्वतः सत्यवादी नसते आणि असत्यवादीही नसते. ‘कुंकू’तील घड्याळ, ‘कोर्ट’मधील स्थिर चौकट आणि ‘फँड्री’तील भिंत ही तंत्रे अन्याय सहन करणाऱ्याच्या बाजूने वापरली गेली, म्हणून त्यांचे मोल आहे. तीच तंत्रे उलट दिशेनेही वापरता येतात. गडकऱ्यांच्या शब्दांनी मराठी प्रेक्षकाचा कान तयार केला. त्याच प्रेक्षकाचा डोळा तयार करण्याचे काम आता शाळांनी, ग्रंथालयांनी आणि ग्रामपंचायतींनी हाती घ्यावयाचे आहे. महिन्यातून एक चांगला मराठी चित्रपट एकत्र पाहून त्यावर तासभर चर्चा, एवढ्या अल्प साधनांनी त्याचा प्रारंभ होऊ शकेल.